मुरमाच्या ट्रॅकसाठी आरसी बग्गी: बांधणीपासून ट्युनिंगपर्यंत

मराठवाड्यात रिमोट कंट्रोलची (आरसी) रेसिंग कार चालवायची ठरवली की गाडीच्या आधी जमिनीचा विचार करावा लागतो. आपली काळी जमीन उन्हाळ्यात हातभर खोल भेगाळते आणि तिच्यावर पिठासारखी धूळ साचते. पहिला पाऊस पडला की तीच माती चाकांना गोळ्यागोळ्यांनी चिकटते. परदेशी किटसोबत येणाऱ्या पुस्तिकेत दिलेले ट्युनिंगचे आकडे बहुतेक वेळा गालिच्याच्या किंवा तयार केलेल्या चिकणमातीच्या ट्रॅकसाठी असतात, त्यामुळे ते जसेच्या तसे उचलले तर गाडी आपल्याकडे सरळसुद्धा धावत नाही. जालना जिल्ह्यातल्या आमच्या गावाबाहेर मुरमाच्या पट्ट्यावर आम्ही काही जण अशा गाड्या चालवतो. तिथे जे शिकलो ते या लेखात क्रमाने मांडतो आहे. हा लेख 1/10 मापाच्या, विजेवर चालणाऱ्या, चारही चाकांना ओढ असणाऱ्या बग्गीबद्दल, म्हणजे कच्च्या जमिनीवर धावणाऱ्या गाडीबद्दल आहे, कारण सैल मुरमावर नवशिक्याच्या हातात तीच सर्वांत सावरून धरणारी ठरते. दोन चाकांच्या ओढीची बग्गी हलकी आणि स्वस्त असते, पण निसरड्या जमिनीवर थोडा जास्त थ्रॉटल (वेग) दिला की ती लगेच मागून फिरते.

ज्यांच्याजवळ मातीची जागाच नाही, फक्त कॉलेजचे सिमेंटचे बास्केटबॉल मैदान आहे, त्यांनी टुरिंग कार, म्हणजे पक्क्या सपाट जमिनीवरची गाडी, घ्यावी. तामियाची टीटी-02 ही चेसिस (गाडीचा सांगाडा) त्यासाठी उत्तम पाठशाळा आहे. 1976 साली पोर्शे 934 च्या प्रतिकृतीने आरसी गाड्यांना सुरुवात केलेल्या या जपानी कंपनीचे हे साधे, 257 मिलिमीटर व्हीलबेसचे (पुढच्या-मागच्या चाकांतल्या अंतराचे) मॉडेल आहे. पुढची बांधणीची तत्त्वे दोन्ही प्रकारांना सारखीच लागू पडतात.

खरेदी आणि हत्यारे

तयार चालू गाडी न घेता सुटे भाग जोडायचे किट घ्या. गाडी पहिल्याच महिन्यात तुटणार आहे, आणि जी तुम्ही स्वतः जोडली नाही ती तुम्हाला उघडताही येणार नाही. मात्र रेसिंगच्या किटमध्ये सहसा फक्त चेसिस, सस्पेन्शन, डिफरन्शियल आणि बॉडी एवढेच येते. मोटर, स्पीड कंट्रोलर (मोटरला वीज कमी-जास्त देणारा), सर्व्हो (चाके वळवणारी छोटी मोटर), ट्रान्समीटर-रिसीव्हर, बॅटरी, चार्जर आणि पुष्कळदा टायरसुद्धा वेगळे घ्यावे लागतात; बजेट मांडताना ही दुसरी यादी किटच्या किमतीइतकीच मोठी धरा. किटसोबतच पुढचे आणि मागचे सस्पेन्शन आर्म (चाके धरणारे वरखाली हलणारे हात), एक जादा स्पर गिअर (मोठा गिअर) आणि दोन-तीन पिनियन (मोटरच्या दांड्यावरचे लहान गिअर) मागवून ठेवा, कारण हे भाग छत्रपती संभाजीनगरातही दुकानात जाऊन मिळतील याचा भरवसा नसतो आणि पार्सलची वाट पाहण्यात हंगाम निघून जातो.

हत्यारांत काटकसर करू नका. 1.5, 2.0 आणि 2.5 मिलिमीटरचे चांगल्या पोलादाचे अॅलन ड्रायव्हर, एम-3 नटसाठी 5.5 आणि चाकाच्या नटसाठी 7 मिलिमीटरचा नट ड्रायव्हर, व्हर्निअर कॅलिपर, टोकदार पक्कड, 60 वॅटचे सोल्डरिंग आयर्न आणि निळे थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा द्रव) एवढे हवेच. हलक्या अॅलन कीने एकदा स्क्रूचे डोके गोल झाले की तो काढण्यासाठी ड्रिल मशीन हातात घ्यावे लागते. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत कोणी टर्नर ओळखीचा असेल तर त्याच्याशी मैत्री ठेवा. वाकलेली हिंज पिन (आर्म जिच्यावर हलतो ती सळई) तपासून घ्यायला किंवा एखादा स्पेसर वळवून घ्यायला लेथजवळचा माणूस फार उपयोगी पडतो.

जोडणी

जमिनीवर पांढरी चादर अंथरून तिच्यावर काम करा, म्हणजे निसटलेला ई-क्लिप दिसतो. पिशव्या एकदम फोडू नका; पुस्तिकेत ज्या पायरीला जी पिशवी सांगितली आहे तीच फोडा आणि तिच्यातले भाग स्टीलच्या ताटात काढा. थ्रेडलॉकचा नियम एकच आहे: धातूत धातू बसत असेल तिथेच थेंबभर लावायचे. ते प्लास्टिकला लागले तर प्लास्टिक ठिसूळ होऊन चिरते. उलट प्लास्टिकमध्ये स्क्रू पिळताना तो डोके टेकेपर्यंतच पिळा. तिथून पुढचा अर्धा आटा भोकातले आटे खाऊन टाकतो.

किट प्लास्टिकच्या किंवा धातूच्या बुशिंगसह (बेअरिंगऐवजी बसवलेल्या साध्या कड्यांसह) आले असेल, जसे टीटी-02 चे येते, तर जोडतानाच बॉल बेअरिंग बसवा. नंतर बदलायचे म्हटले तर सगळी गाडी पुन्हा खोलावी लागते, आणि आपल्या धुळीत बुशिंग शाफ्टला घासून काही दिवसांत ढिले होते.

डिफरन्शियल हा पहिला महत्त्वाचा भाग. वळताना आतले चाक कमी आणि बाहेरचे चाक जास्त फिरावे म्हणून तो असतो, आणि ही मोकळीक किती मिळेल हे आतल्या सिलिकॉन तेलाच्या घट्टपणावर ठरते. तेल आडव्या पिना जेमतेम बुडतील इतकेच भरा, गिअर बोटाने फिरवून हवेचे बुडबुडे वर येऊ द्या, झाकण न लावता तासभर ठेवा आणि मग पातळी पुन्हा पाहून बंद करा. काठोकाठ भरलेले डिफ गरम झाले की सीलमधून तेल बाहेर टाकते आणि आठवड्याभरात तुमचे ट्युनिंग तुमच्या नकळत बदलते. सुरुवातीला पुढच्या डिफमध्ये 7000 आणि मागच्या डिफमध्ये 5000 सीएसटी (तेलाच्या घट्टपणाचे एकक) तेल घाला. कोणत्या डिफमध्ये कोणत्या तारखेला काय घातले ते लगेच लिहून ठेवा, कारण बाहेरून पाहून ते कधीच ओळखता येत नाही.

यानंतर सस्पेन्शन येते, आणि माझ्या मते निम्मी शर्यत इथेच ठरते. प्रत्येक आर्म हिंज पिनवर बसवल्यावर हाताने उचलून सोडा. तो स्वतःच्या वजनाने, कुठेही न अडकता, खाली पडला पाहिजे. जरा जरी अडखळला तरी पिन काढून भोकातली प्लास्टिकची कड 3 मिलिमीटरच्या रीमरने हलकेच साफ करा आणि पुन्हा पाहा. बॉल कप (दांड्यांच्या टोकाच्या, गोळीवर बसणाऱ्या वाट्या) घट्ट असतील तर ते बॉलवर बसलेले असताना पक्कडीने बाहेरून अगदी हलका दाब द्या, म्हणजे ते मोकळे फिरू लागतात. गाडी एकीकडे ओढते, एकाच बाजूने उडी चुकते, आज बरी आणि उद्या वाईट चालते, अशा बहुतेक तक्रारींच्या मुळाशी कुठेतरी अडकणारा एक आर्म असतो, आणि लोक मात्र स्प्रिंग बदलत बसतात. अडकणाऱ्या गाडीवर केलेले कोणतेही ट्युनिंग खोटे उत्तर देते. टर्नबकलना (लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या दांड्यांना) एका टोकाला उजवे आणि दुसऱ्या टोकाला डावे आटे असतात. सगळ्यांची डावी टोके गाडीच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे मैदानावर पाना कोणत्या दिशेने फिरवायचा याचा विचार करावा लागत नाही.

शॉकमध्ये (धक्के शोषणाऱ्या तेलाच्या नळीत) ओ-रिंग (रबरी कडे) घालताना तिला शॉकचेच तेल लावा. पिस्टन खाली ओढून तेल काठापर्यंत भरा, पिस्टन सावकाश वरखाली करून बुडबुडे सोडवा आणि पाच-दहा मिनिटे उभे ठेवा. झाकण लावताना दांडा अर्ध्यापर्यंत आत ढकलून जादा तेल बाहेर येऊ द्या. नंतर चारही शॉक कानाजवळ धरून दाबा. आतून पचपच आवाज आला तर हवा राहिली आहे, पुन्हा भरा. डाव्या-उजव्या जोडीची लांबी व्हर्निअरने मोजा. दोघांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक असला तरी गाडी ब्रेक मारताना एका बाजूला झुकते.

तेल निवडताना आपली हवा विसरू नका. सिलिकॉन तेलाच्या बाटलीवरचा आकडा 25 अंश सेल्सिअसला मोजलेला असतो आणि तापमान 40 अंशांपर्यंत गेले की तेच तेल साधारण चौथ्या हिश्श्याने पातळ होते. म्हणजे डिसेंबरात 400 सीएसटीवर नीट चालणाऱ्या गाडीला मे महिन्यात तसेच वागायला लावायचे तर 500 ते 550 च्या आसपासचे तेल घालावे लागते. आमच्याकडे पेटीत हिवाळी आणि उन्हाळी अशा दोन बाटल्या वेगळ्याच ठेवलेल्या असतात.

मोटर, गिअर आणि उष्णता

सुरुवातीला 13.5 टर्नची (तारेच्या वेढ्यांची) सेन्सर असलेली ब्रशलेस मोटर आणि 2 सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी पुरेशी आहे. टर्न जितके कमी तितका वेग आणि करंट जास्त. सेन्सरची मोटर असेल तर ए, बी, सी या तिन्ही वायरी स्पीड कंट्रोलरच्या त्याच अक्षरांना जोडाव्या लागतात. बिनसेन्सरच्या मोटरमध्ये कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल केली तर मोटर फक्त उलटी फिरते, पण सेन्सर असताना ही अदलाबदल मोटरला इजा करू शकते. सोल्डर करताना आधी वायरीला आणि टॅबला वेगवेगळे सोल्डर चढवा आणि मग दोन्ही एकत्र वितळवा. जोड चकचकीत दिसला पाहिजे; खडबडीत, निस्तेज जोड पहिल्या आपटीत सुटतो.

पिनियन आणि स्पर गिअर यांच्यात किती फट ठेवायची हे कागदाने ठरवता येते. शाळेच्या वहीच्या कागदाची पट्टी दोन्ही गिअरच्या दातांमध्ये घालून मोटर तिच्यावर दाबून आवळा आणि पट्टी फिरवून काढा. मग स्पर गिअर बोटाने धरून हलवा. अगदी बारीक टिकटिक जाणवली पाहिजे. स्पर किंचित लंबगोल असू शकतो, म्हणून तो पाव-पाव फेरी फिरवून चार ठिकाणी ही टिकटिक तपासा.

एकूण गिअर गुणोत्तर काढण्यासाठी स्परच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागून गाडीच्या अंतर्गत गुणोत्तराने गुणायचे असते. टीटी-02 मध्ये 70 दातांचा स्पर, 22 दातांचा पिनियन आणि 2.6 अंतर्गत गुणोत्तर येते, म्हणून उत्तर 8.27. म्हणजे मोटर 8.27 वेळा फिरली की चाक एकदा फिरते. पिनियन मोठा केला की हे उत्तर कमी होते, सरळ रेषेतला वेग वाढतो आणि मोटर जास्त तापते. लहान, वळणांनी भरलेल्या ट्रॅकवर पिनियन लहानच ठेवा आणि बदल करायचा तर एका वेळी एकाच दाताचा करा.

माझी पहिली मोटर मे महिन्यातल्या एका दुपारी जळाली, कारण मी जानेवारीत ठरवलेला पिनियन तसाच ठेवला होता. मोटरचे तापमान म्हणजे भोवतालचे तापमान आणि तिच्या स्वतःच्या कामाने चढलेले तापमान यांची बेरीज असते. हवा 28 अंश असताना मोटर 65 अंशांवर थांबत असेल तर तिने स्वतः 37 अंश चढवले. तेच 37 अंश 42 अंशांच्या दुपारी धरले तर मोटर 79 वर जाते. मोटरच्या बाहेरच्या अंगाचे तापमान मी 75 अंशांच्या वर जाऊ देत नाही, कारण त्यापुढे चुंबकाची ताकद घटू लागते आणि ती परत येत नाही. साधी इन्फ्रारेड तापमापक बंदूक घ्या, पहिल्या तीन मिनिटांनंतर गाडी थांबवून मोजा, आणि मार्च लागला की पिनियन एक-दोन दातांनी कमी करा. उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत किंवा पाचनंतरच गाडी चालवणे गाडीसाठी आणि माणसांसाठीही बरे.

लिपो बॅटरीचा प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्ट असतो. त्यापलीकडे तो कधीही नेऊ नका. स्पीड कंट्रोलरमध्ये कट-ऑफ (वीज तोडण्याची मर्यादा) सेलमागे 3.4 व्होल्टच्या आसपास ठेवा. बॅलन्स चार्जरवरच चार्ज करा आणि करंट 1C ठेवा, म्हणजे 5000 एमएएचच्या बॅटरीला 5 अँपिअर. गाडीतून काढलेली गरम बॅटरी निवाल्याशिवाय चार्जरला लावू नका. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत बॅटरी विसरणे धोक्याचे आहे. चार्जिंग घराबाहेर, मातीच्या मोठ्या कुंड्यात ठेवून, जवळ कोरड्या वाळूची बादली घेऊन करा आणि ते सुरू असताना तिथून उठू नका. फुगलेली बॅटरी वापरायची नाही, ती कितीही चांगली चालत असली तरी. शेतात वीज नसते तेव्हा 12 व्होल्टवर चालणारा चार्जर ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडता येतो.

रेडिओचे काम थोडक्यात सांगतो. सर्व्होला आधी वीज देऊन मध्यावर आणा आणि मगच त्याचा हॉर्न बसवा. चाके पूर्ण वळल्यावर सर्व्हो घुंघुं करत राहिला तर एंड पॉइंट (ट्रान्समीटरमधली वळण्याची कमाल मर्यादा) कमी करा. ट्रान्समीटर आधी सुरू आणि शेवटी बंद करायचा, आणि फेल-सेफ अशी ठेवायची की सिग्नल तुटताच गाडी ब्रेक मारेल. रिसीव्हर लहान मुलांच्या फुग्यात घालून तोंड बांधले की मुरमाची धूळ आत जात नाही.

ट्रॅक

काळ्या रानात ट्रॅक करण्याच्या भानगडीत पडू नका. माळावरचा मुरमाड पट्टा शोधा किंवा दोन-तीन ट्रॉल्या मुरूम टाकून घ्या. खळे जसे करत असत तसाच ट्रॅक करायचा: खडे वेचायचे, पाणी मारायचे, ओल थोडी मुरली की धुम्मसाने ठोकायचे आणि वरून शेणकाल्याने सारवायचे. सारवलेला थर धूळ धरून ठेवतो आणि टायरला पकड देतो. आमच्याकडे तो वळणांवर दर रविवारी नव्याने द्यावा लागतो. रस्ता तीन मीटर रुंद असावा आणि कडेला ठिबकच्या जुन्या नळ्या खुंट्यांनी ठोकाव्यात, म्हणजे गाडी आदळली तरी आर्म तुटत नाही. चालवण्याआधी स्वच्छ फवारणी पंपाने एक-दोन टाक्या पाणी पुरते. टँकरच्या दिवसांत टँकरचे पाणी यासाठी वापरू नये, तेव्हा कोरड्यावरच चालवावे. दीड किलोहून जड असलेली ही गाडी ताशी 50 किलोमीटरच्या पुढे सहज जाते, म्हणून पाहणारे सगळे, विशेषतः लहान मुले, चालकाच्या मागे उभी राहतील अशीच जागा आखा.

ट्युनिंग

आधी टायर. निम्मी पकड तिथूनच येते. कोरड्या, धुळकट मुरमावर बारीक, उंच काट्यांचे मऊ टायर घ्या. सारवून घट्ट झालेल्या भागावर तेच टायर लोळतात आणि लहान काट्यांचे चांगले चालतात. रिमला चिकटवण्याआधी टायरची कड स्पिरिटने पुसा, नाही तर साच्याचे मेण राहून सुपरग्लू धरत नाही.

मग गाडी बॅटरीसह सपाट काचेवर ठेवा, दोन-तीनदा हाताने दाबून सोडा आणि मोजा. पुढे-मागे चेसिस 21 मिलिमीटर उंच, चारही चाकांना उणे 1 अंश कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला), मागच्या चाकांना दर बाजूला सुमारे 3 अंश टो-इन (चाकांची पुढची बाजू आत वळलेली) आणि पुढच्यांना शून्य टो ही आपल्या मुरमासाठी सुरुवातीची जागा आहे. स्लिपर क्लच (जोराचा झटका आला की घसरून गिअर वाचवणारा) असेल तर पूर्ण थ्रॉटलवर गाडी सुटताना एक-दोन फूट त्याचा सरकल्याचा आवाज यावा इतपत तो आवळा.

आता न बदलता चालवा. एक पूर्ण बॅटरी संपेपर्यंत फक्त ट्रॅक शिका आणि शेवटच्या पाच फेऱ्यांची वेळ दुसऱ्या माणसाकडून स्टॉपवॉचवर घ्या. एकाच चांगल्या फेरीवरून निर्णय घेऊ नका; पाचही फेऱ्या एकमेकींच्या जवळ आल्या तरच तुमचा हात स्थिर झाला आणि गाडीबद्दल बोलता येईल असे समजा. त्यानंतर एका वेळी एकच बदल करायचा, पुन्हा पाच फेऱ्या घ्यायच्या, आणि सुधारणा झाली नाही तर तो बदल मागे घ्यायचा. वहीत तारीख, हवेचे तापमान, पाणी मारून किती वेळ झाला, टायर, बदल आणि पाच वेळा, एवढे लिहायचे. पाणी मारून झालेला वेळ महत्त्वाचा आहे, कारण उन्हाळ्यात अर्ध्या तासात ट्रॅक पूर्ण वेगळा होतो, आणि मग सुधारणा स्प्रिंगची की ओलीची हे कळत नाही.

वळणात शिरताना गाडी वळायचे सोडून सरळ बाहेर पळत असेल, म्हणजे अंडरस्टिअर असेल, तर आधी पुढच्या स्प्रिंग एक पायरी मऊ करून पाहा. त्याने भागले नाही तर पुढच्या डिफमधले तेल 7000 वरून 5000 वर आणा. पुढच्या चाकांना एखादा अंश टो-आउट (पुढची बाजू बाहेर वळलेली) दिल्यानेही गाडी पटकन शिरते, पण सरळ रेषेत ती थोडी चंचल होते.

याउलट वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल दिल्यावर मागचा भाग फिरत असेल, आणि सैल मुरमावर ही तक्रार सर्वांत जास्त येते, तर पुढचा क्रम ठेवा. मागचे टायर तपासा. मागच्या स्प्रिंग मऊ करा. चेसिसवर जागा असेल तर बॅटरी मागे सरकवा, त्याने मागच्या चाकांवर वजन येते. मागे अँटी-रोल बार (दोन्ही बाजूंचे आर्म जोडून गाडी कलणे कमी करणारी तार) असेल तर तो बारीक करा किंवा काढूनच टाका. खडबडीत, कमी पकडीच्या जमिनीवर आम्ही मागे बार वापरत नाही. एवढे करूनही भागले नाही तर मागच्या डिफचे तेल 3000 पर्यंत पातळ करा. ट्रान्समीटरमधला थ्रॉटलचा उतार मवाळ करणे हाही प्रामाणिक उपाय आहे, आणि तो करायला पाना लागत नाही.

खडबडीत पट्ट्यावर गाडी टपटप उड्या मारत असेल तर शॉकचे तेल पातळ हवे. उडीनंतर चेसिस जमिनीला आपटत असेल तर तेल घट्ट हवे. दोन्ही तक्रारी एकत्र असतील तर तेल बदलून सुटत नाही, कारण एकीचे औषध दुसरीचा रोग वाढवते. तेव्हा लहान छिद्रांचा पिस्टन आणि पातळ तेल ही जोडी वापरा. सावकाश हालचालीत पातळ तेल मोकळे वाहते, पण उडीच्या झटक्याला लहान छिद्र त्याला अडवते. माझ्या गाडीला मिळालेली सर्वांत मोठी सुधारणा याच एका बदलाची होती आणि तिथे पोचायला मला पूर्ण एक हिवाळा लागला.

प्रत्येक दिवसाच्या शेवटी गाडी कोरड्या रंगाच्या ब्रशने झटका. पाण्याने धुऊ नका, बेअरिंगमध्ये मुरमाचा गाळ बसतो. बेअरिंग बोटावर फिरवून खरखर लागले तर पेट्रोलने नव्हे, आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन एक थेंब पातळ तेल द्या. मागचे शॉक आठ-दहा दिवसांनी उघडा. तेल काळपट झाले असेल तर धूळ आत शिरू लागली आहे आणि ओ-रिंग बदलायची वेळ आली आहे. मृगाचा पाऊस सुरू झाला की ट्रॅक दसऱ्यापर्यंत मिळत नाही, म्हणून त्याआधी बॅटरीचे सेल 3.8 व्होल्टवर आणून थंड जागी ठेवा, शॉक काढून स्प्रिंग मोकळ्या करा आणि गाडी टायर जमिनीला न टेकता लाकडी ठोकळ्यावर बसवून झाकून ठेवा.